आयातीचा तक्ता

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : भारत आणि चीन यांच्या प्लायवूड-बोर्ड आयातीची तुलना आणि तिच्यावरून काढले जाणारे निष्कर्ष

महोदय,

सांगलीत माझं प्लायवूडचं दुकान आहे. वडिलांनी थाटलं, गेली बावीस वर्षं मी चालवते. आपण मुंबईतून लोकसभेवर गेला आहात, त्यामुळे इंग्रजीत करून देणारं कुणी न शोधता सरळ मराठीतच लिहिते आहे.

निमित्त साधं आहे. मध्यंतरी आमच्या धंद्यातल्या लोकांच्या बैठकीत एकानं पडद्यावर एक तक्ता लावला. एका रकान्यात चीन, दुसऱ्यात भारत, आणि खाली प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांची आयात. शेजारी जगभर प्लाय विकतो आणि स्वतः काही आणत नाही, आपण मात्र कंटेनरवर कंटेनर उतरवून घेतो, असा त्याचा मथितार्थ. "दारं लावा, कारखाने आपोआप उभे राहतील," म्हणून तो खाली बसला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दुकानात परत आले तर हमाल १९ एमएमच्या शीटची थप्पी लावत होते. त्या थप्पीकडे बघता बघता टाळ्या वाजवल्याचं वाईट वाटायला लागलं.

असाच तक्ता आपल्या टेबलावरही येत असणार. तो वाचताना काय राहून जातं, एवढं सांगायला हे पत्र.

आधी मापाचं. आयात-निर्यातीच्या वर्गीकरणात लाकडाचं प्रकरण ४४ वं. त्यात ओंडके ४४०३ मध्ये, व्हिनिअर म्हणजे सोललेला पापुद्रा ४४०८ मध्ये, पार्टिकल बोर्ड ४४१० मध्ये, एमडीएफ आणि इतर फायबर बोर्ड ४४११ मध्ये, प्लायवूड ४४१२ मध्ये. लाकडी पॅनेल म्हटलं की साधारणपणे शेवटचे तीन धरतात. व्हिनिअरचं मात्र ठरलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना पूर्वी ते पॅनेलमध्ये मोजायची, नव्या वर्गीकरणात ते वेगळं काढलंय. जुना आणि नवा अहवाल शेजारी ठेवले, तर एकही शीट जागची न हलता आकडा बदललेला दिसेल.

मग एकक. जग घनमीटरमध्ये मोजतं, आम्ही स्क्वेअर फुटावर विकतो, सुतार शीट मोजतो आणि पेपरात येतात ते कोटी रुपये. आठ बाय चारची १९ एमएमची शीट घेतली तर एका घनमीटरमध्ये पावणेअठरा शीट बसतात. तीच ४ एमएमची घेतली तर चौऱ्याऐंशी. एक घनमीटर मरीन प्लाय आणि एक घनमीटर साधा पार्टिकल बोर्ड कागदावर सारखेच दिसतात. दुकानात एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट असते, आणि बिजागरीचा स्क्रू एकात वर्षानुवर्षं धरतो तर दुसऱ्यात दोन दिवाळ्यांत खुळखुळायला लागतो.

शिवाय 'चीन काही आणत नाही' हेही खरं नाही. थायलंडचा रबरवूडचा पार्टिकल बोर्ड आपल्याकडे उतरतो, तसाच चीनच्या बंदरातही उतरतो. रबराचं झाड साधारण पंचवीस वर्षांनी चीक द्यायचं कमी करतं, मग ते तोडतात. चांगलं लाकूड फर्निचरला जातं आणि उरलेल्या चुऱ्याचा बोर्ड होतो. जे दुसऱ्याचं उरलेलं आणि स्वस्त आहे, ते चीनसुद्धा निमूटपणे घेतो.

आता त्या थप्पीतल्या एका शीटबद्दल. बिलावर 'यमुनानगर' लिहिलंय, शिक्का भारतीय मानक ब्युरोचा आहे. तिच्या कडेकडे नीट बघितलं की थर मोजता येतात. वरचा तांबूस फेस कागदाहून थोडाच जाड. एके काळी आमच्याकडे फेस म्हणजे गर्जन आणि गर्जन म्हणजे ब्रह्मदेश, असं समीकरण होतं. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारनं ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि फेसचा शोध पार आफ्रिकेपर्यंत गेला. गॅबननं २०१० मध्येच ओंडके बाहेर सोडायचं थांबवलं होतं. म्हणून आपले कारखानदार तिथं गेले, तिथंच झाड सोलायला लागले आणि पापुद्रे जहाजानं इकडे आणायला लागले. माझ्या थप्पीतल्या शीटचा फेस तिथल्याच ओकुमे झाडाचा आहे. आतला कोअर हरियाणाच्या शेतातल्या पॉपलरचा. थर धरून ठेवणारं रेझिन फॉर्मल्डिहाइडचं, फॉर्मल्डिहाइड होतं मिथेनॉलपासून, आणि देशाला लागणारं बहुतेक मिथेनॉल आखातातून येतं. पॉपलर ज्या यंत्रावर सोलला, ते 'स्पिंडललेस' म्हणजे बिनचात्याचं यंत्र चिनी बनावटीचं.

हिला काय म्हणायचं? आयातीच्या तक्त्यात, ४४१२ च्या रकान्यात, या शीटची नोंद शून्य आहे. तिचा फेस ४४०८ मध्ये, मिथेनॉल रसायनांच्या २९ व्या प्रकरणात आणि यंत्र यंत्रांच्या ८४ व्या प्रकरणात गेलं. थायलंडहून आलेली बोर्डाची शीट मात्र अख्खीच्या अख्खी 'आयात' म्हणून डोळ्यांत भरते. महोदय, दोन देशांच्या आयातीची तुलना करायची, तर कोण किती आणतो याच्याबरोबर कोण कोणत्या पायरीवर आणतो हे विचारावं लागतं. ओंडका, पापुद्रा आणि तयार शीट अशा त्या तीन पायऱ्या.

या पायऱ्यांवर आपण आणि चीन वेगवेगळ्या जागी कसे येऊन थांबलो, त्याची सुरुवात मात्र जवळजवळ एकाच वेळी झाली.

आपल्याकडे तारीख १२ डिसेंबर १९९६. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या दिवशी दिलेला आदेश वनखात्यातल्या शिपायालाही ठाऊक असतो. अरुणाचलच्या तिराप आणि चांगलांग जिल्ह्यांतल्या सदाहरित जंगलातली तोड थांबली, आसामच्या हद्दीपासून शंभर किलोमीटरच्या आतले तिथले सॉ मिल, व्हिनिअर आणि प्लायवूडचे कारखाने बंद झाले, ईशान्येतून बाकीच्या देशात लाकूड न्यायला मनाई झाली. भारतातलं प्लायवूड जन्मलं ते आसामात, चहाच्या खोक्यांसाठी. त्या एका आदेशानं या धंद्याचं माहेर तुटलं.

चीनमध्ये १९९८ च्या उन्हाळ्यात यांगत्से आणि उत्तरेकडची सोंगहुआ या नद्यांना महापूर आले. हजारो माणसं गेली. वरच्या अंगाची जंगलं सफाचट झाल्यानं पाणी अडलं नाही, असा निष्कर्ष सरकारनं काढला आणि त्याच वर्षी नैसर्गिक जंगलातली तोड आवरायला सुरुवात केली. म्हणजे दोन वर्षांच्या अंतरानं दोन्ही शेजाऱ्यांच्या कारखान्यांची जंगलाची वाट बंद झाली. एकाला न्यायालयानं थांबवलं, दुसऱ्याला पुरानं.

तोवर चीन प्लायवूडचं मोठं गिऱ्हाईक होता. नव्वदच्या दशकात दरवर्षी दहा लाख घनमीटरहून अधिक प्लाय तो आणायचा, मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून. नवं शतक उजाडता उजाडता चित्र उलटलं आणि निर्यात आयातीच्या पुढे गेली. आज तो जगातला सर्वांत मोठा प्लायवूड उत्पादक आणि निर्यातदार आहे. हे दारं लावून झालं नाही. उलट १९९९ पासून त्यांनी ओंडक्यांवरचं आयातशुल्क शून्यावर आणलं. रशिया, पापुआ न्यू गिनी, आफ्रिका, मिळेल तिथून कच्चं लाकूड आत घेतलं. आयात थांबली नाही, खालच्या पायरीवर उतरली.

दुसरं काम शेतात झालं. शानतुंग प्रांतातला लिनयी आणि शेजारच्या च्यांगसू प्रांतातला पीचौ हे पॉपलरचे पट्टे. रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या काठाला, बांधावर झाड. त्या बिनचात्याच्या यंत्रानं मनगटाएवढ्या जाडीपर्यंत लाकूड सोलता यायला लागलं. जुन्या यंत्राला ओंडका दोन्ही टोकांना धरून फिरवावा लागे, म्हणून मधला जाड गाभा वाया जाई आणि बारीक झाड कामालाच येत नसे. नवं यंत्र ओंडका रुळांमध्ये दाबून फिरवतं. शंभर वर्षांच्या जंगली झाडाऐवजी सहा-सात वर्षांचं शेतातलं झाड चालायला लागलं, ते यामुळे. गावागावांत घरच्या माणसांनी पापुद्रे सोलायचे, उन्हात वाळवायचे आणि मोठ्या कारखान्यानं ते चिकटवायचे, अशी वाटणी झाली. २००८ मध्ये सामूहिक मालकीच्या वनजमिनींवरचे हक्क कुटुंबांना ७० वर्षांपर्यंतच्या करारानं द्यायचं धोरण त्यांनी देशभर आणलं. लावलेलं झाड आपलंच राहणार, हे माणसाला कळलं.

शेजाऱ्याची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. चीनच्या स्वस्त प्लायसाठी कुणाची जंगलं गेली, हा प्रश्न जगानं त्याला वर्षानुवर्षं विचारला. बेकायदा तोडीचं लाकूड विकत घ्यायला बंदी घालणारं कलम त्यांच्या वन कायद्यात आलं ते २०२० मध्ये. रशियानं जानेवारी २०२२ पासून सूचिपर्णी ओंडके देणं बंद केलं, तेव्हा त्यांचीही तारांबळ उडाली. अमेरिकेनं २०१८ पासून चिनी प्लायवर अँटी-डम्पिंग ड्यूटी बसवलेली आहे. ज्याच्या आयातीच्या रकान्याचा आपण हेवा करतो, त्याचे हे बाकीचे रकाने.

आता आपलं. आसामचं माहेर तुटल्यावर प्लायवूड सासरी गेलं ते यमुनानगरला. तिथं पॉपलर आधीच वाढत होता. आगपेट्या करणाऱ्या एका कंपनीनं १९८४ पासून नाबार्डच्या कर्जाची जोड देऊन पंजाब, हरियाणा आणि तराईतल्या शेतकऱ्यांना पॉपलरची रोपं दिली होती आणि झाड विकत घ्यायची हमीही. कायदा किंवा मोहीम यांच्यापेक्षा हे तीन शब्द महत्त्वाचे : रोप, कर्ज, हमी. दक्षिणेत केरळचं पेरुंबावूर रबराच्या लाकडावर उभं राहिलं, पश्चिमेला गांधीधाम कांडल्याच्या बंदरातून येणाऱ्या ओंडक्यांवर.

मी एकदा हिवाळ्यात यमुनानगरला गेले होते. पहाटे धुक्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, वर पांढुरके पॉपलर. आडत्या हातात टेप घेऊन घेर मोजतो आणि ओरडतो : 'ओव्हर', 'अंडर', 'सोख्ता'. जाड ते ओव्हर, त्याहून बारीक अंडर, सर्वांत बारीक सोख्ता. एकाच शेतातल्या झाडांचे तीन भाव. एक सरदारजी शेतकरी शेजारी उभे होते. नव्या शतकाच्या सुरुवातीला भाव असे कोसळले की वडिलांनी उभी बाग उपटून टाकली, मग चार-पाच वर्षांनी लाकडाचा दुष्काळ पडला, असं त्यांनी सांगितलं. "गहू सहा महिन्यांत चूक सुधारतो, पॉपलरला चूक सुधारायला सात वर्षं लागतात." शिकलेले नव्हते, पण वाणिज्य मंत्रालयाला लागेल तेवढं अर्थशास्त्र त्यांच्या या वाक्यात होतं.

मधल्या पोकळीत बाहेरचा माल येतो. आसियान देशांबरोबरचा वस्तुव्यापाराचा करार २०१० पासून अमलात आहे, त्यामुळे थायलंड, मलेशिया, व्हिएतनामचा बोर्ड सवलतीत येतो. अंतराचाही हिशेब आहे. यमुनानगर सांगलीपासून दीड हजार किलोमीटरहून लांब. न्हावा-शेवा चारशेच्या आत. समुद्रातलं भाडं सुतासारखं आणि रस्त्यावरचं दोरखंडासारखं. गिऱ्हाईक माझ्याकडे मॉड्युलर किचनचा भाव विचारतं, तेव्हा हा हिशेब मला त्याच्यासमोर मांडता येत नाही. मी फक्त भाव सांगते.

नेपाळचंही सांगते, कारण तिथला माल याच रकान्यात येतो आणि 'परदेशी' ठरतो. पूर्व नेपाळच्या डोंगरात मोठ्या वेलदोड्याला सावलीसाठी उत्तीस लावतात. तो थोराड झाला की तोडून विराटनगरच्या बाजूच्या कारखान्यांना विकतात, आणि तिथलं प्लाय जोगबनीच्या नाक्यावरून बिहारात येतं. व्यापार करारानुसार ठरलेली मूल्यवृद्धी झालेला नेपाळी माल शुल्काशिवाय येऊ शकतो. म्हणजे आपल्या आयातीच्या आकड्यात एका वेलदोडा पिकवणाऱ्याचं सावलीचं झाडही असतं आणि थायलंडच्या महाकाय कारखान्याचा चुराही असतो. दोघांना एकाच मापानं अडवायचं का, हे ठरवायला घनमीटर पुरत नाही.

आपल्या मंत्रालयाच्या उद्योग संवर्धन विभागानं काढलेले प्लायवूड आणि लाकडी बोर्डांचे गुणवत्ता नियंत्रण आदेश फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाले. आता ब्युरोच्या शिक्क्याशिवाय ना देशी माल विकता येत, ना परदेशी आणता. परदेशी कारखान्यालाही परवाना घ्यावा लागतो. नेपाळचे कारखाने त्या परवान्यावरूनच अडचणीत आले. शिक्क्याच्या बाजूनं मी बोलणार आहे, आणि त्याचं कारण आमच्या गावाला चांगलं माहीत आहे.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी चढलं ५७ फुटांच्या वर. माझ्या दुकानात ते पाच दिवस राहिलं. ओसरल्यावर शटर उघडलं तर पार्टिकल बोर्डाची लापशी झाली होती, हातात घेतली तर बोटांतून गळायची. साधा एमआर, म्हणजे नुसता ओलावा सोसणारा, प्लाय पुस्तकासारखा उघडला होता. ते अपेक्षितच. पण एका कारखान्याचा 'मरीन' म्हणून घेतलेला मालही पानापानांनी सुटला. मरीन प्लायच्या आयएस ७१० या मानकात शीटचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही जोड धरला पाहिजे, असं लिहिलंय. तो माल कृष्णेच्या थंड पाण्यात पाच दिवस टिकला नाही. त्याच शीटची स्वयंपाकघरं मी गावभर विकली होती. पुढचे सहा महिने लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या ओट्याखालची फुगलेली कपाटं बघणं एवढंच काम मला होतं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. एका आजींनी चहा दिला, तो जास्त लागला. तेव्हापासून नव्या मालाचा तुकडा मी घरी कुकरमध्ये उकळून बघते.

म्हणून शिक्का हवाच. पण तो बंदराच्या दारावर आणि कारखान्याच्या फाटकावर काम करतो, शेतात नाही. परदेशी शीट अडवली म्हणून इथं झाड उगवत नाही. लाकूड तेवढंच, मागणारे वाढले, तर भाव चढतो आणि मग सुरुवात होते पळवाटांना. कोअरमध्ये पोकळ जागा सोडायच्या, रेझिनमध्ये मैदा जास्त ढकलायचा. शेतकऱ्याच्या सवलतीच्या युरियाचं तर आपल्याच सरकारला माहीत आहे. पंचेचाळीस किलोची जी पिशवी शेतकऱ्याला पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, ती काही ठिकाणी प्लायच्या रेझिनमध्ये जात होती. २०२२ मध्ये केंद्राच्या पथकांनी त्यासाठी छापे घातले. म्हणजे ज्यानं झाड लावायचं, त्याच्याच खताची चोरी करून शीट चिकटवली जात होती.

आता माझ्या जिल्ह्याचं. पॉपलरला कडक थंडी लागते, आमच्याकडे तो जमत नाही. पण निलगिरी येते, सुबाभूळ येते, मलबार कडुनिंब येतो, बांबू येतो. खासगी जमिनीवरचा बांबू २०१७ मध्ये वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून निघाला, तेव्हा लातूरपासून कोकणापर्यंत माणसं हरखली. तरी आमच्या शेतकऱ्याला झाड लाव म्हटलं की तो उसाकडे बघतो. कारण उसाला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर आहे. कारखाना पैसे उशिरा देईल, त्यासाठी आंदोलन करावं लागेल, पण भाव काय हे कायद्यात आहे. झाडाला भाव काय, हे सात वर्षांनी त्या दिवशीच्या मंडीत कळणार. त्यात साग, आंबा, फणस, ऐन असलं काही असेल तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी, वर वाहतुकीचा पास. डिसेंबर २०२३ मध्ये देशभर एकच ऑनलाइन पास सुरू झाला, हे चांगलं झालं. पण शेतकऱ्याच्या मनातली वनरक्षकाची शिट्टी ऑनलाइन जात नाही.

आणि ऊसच म्हणाल, तर त्याचं चिपाड आहे. पार्टिकल बोर्डाचं मानक, आयएस ३०८७, लाकडाबरोबर इतर तंतुमय पदार्थांनाही लागू आहे. सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला चिपाडापासून बोर्ड करणारा कारखाना उभा राहिलेला महाराष्ट्रानं पाहिलाय. पण आज साखर कारखान्याला चिपाड जाळून वीज विकणं सोपं वाटतं. थायलंड रबराच्या चुऱ्याचा बोर्ड करून आपल्याला विकतो आणि आपण उसाचा चुरा बॉयलरमध्ये घालून तो बोर्ड विकत घेतो. हे बरोबर की चूक, हे मी सांगू शकत नाही. विजेचीही गरज आहेच. पण आयातीच्या तक्त्याखाली हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा की नको?

आमच्या दुकानदारी भाषेत चार मागण्या मांडते.

पहिली. आपला विभाग आयातीचे आकडे काढतो तेव्हा ओंडका, व्हिनिअर आणि तयार पॅनेल हे तिन्ही एका पानावर, एकाच एककात, शेजारी शेजारी द्या. रुपये द्याच, पण घनमीटरही द्या. शेजाऱ्याशी तुलना करायची तर तिन्ही पायऱ्यांची करा.

दुसरी. या तिन्ही पायऱ्यांवरचं शुल्क, करारांतल्या सवलतींसह, एका कागदावर मांडून तपासा. तयार शीट सवलतीत आणि तिच्यासाठी लागणारा फेस भारात, अशी उलटी उतरंड कुठे झाली असेल, तर ती सरळ करा.

तिसरी. शिक्का राहू द्या, पण लहान कारखान्याला तो मिळवण्यासाठी लागणारी तपासणीची सोय जवळ आणा. आणि शिक्का लागलेला माल बाजारातून उचलून, दुकानातून, माझ्याही दुकानातून, उकळून बघा. फक्त कारखान्यात बघाल तर कारखान्यापुरताच चांगला माल बनेल.

चौथी, आणि खरी. कृषी आणि वन मंत्रालयांना बरोबर घेऊन झाडाला सात वर्षांची हमी द्या. एफआरपी नको, तिचे हाल आम्ही बघतो. पण ज्या कारखान्याला परवाना, सवलत किंवा आयातीपासून संरक्षण मिळतं, त्यानं आपल्या गरजेचा ठरावीक वाटा आसपासच्या शेतकऱ्यांशी आधीच करार करून घ्यावा, किमान भाव लिहून. १९८४ मध्ये एका आगपेटीवाल्यानं हे करून दाखवलंय. आदेश एका दिवसात निघतो आणि दुसऱ्या दिवशी बदलतो. झाड तेवढं चपळ नसतं.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबते. पुरात आमचा पोटमाळा वाचला. तिथं वडिलांचं चहाचं एक जुनं खोकं आहे. लहान असताना ते गणपती पेठेतल्या चहावाल्यांकडून अशी रिकामी खोकी घ्यायचे, फोडून ड्रॉवरचे तळ करायचे. प्लायवूडशी त्यांची ओळख तिथली. भारतीय मानकांच्या यादीत क्रमांक १ आपल्या राष्ट्रध्वजाचा आहे, आणि क्रमांक १० प्लायवूडच्या चहाच्या खोक्यांचा. एवढा तो माल तेव्हा महत्त्वाचा होता. खोक्याच्या कडांना पत्र्याच्या पट्ट्या आहेत, आत चांदीच्या कागदाचे तुकडे चिकटलेले आहेत, आणि लाकूड अजून टणक आहे. वडील बोटाच्या पेरानं टिचकी मारून दाखवायचे, "ऐक, कुठं पोकळ वाजतंय का." नाही वाजत. आसामचं होलाँग असावं, आपल्या गर्जनचंच भाऊबंद.

त्या खोक्याच्या लाकडात आयात शून्य होती. आज आपल्याला जे हवंय, नेमकं ते. फेस इथला, कोअर इथला, झाड इथलं. ते झाड पुन्हा कुणी लावलं नाही, म्हणून १९९६ चा तो आदेश आला.

तेव्हा, महोदय, पुढच्या वेळी कुणी आपल्यासमोर दोन शेजाऱ्यांच्या आयातीचा तक्ता ठेवला, तर त्याला एक रकाना वाढवायला सांगा : शीटमधलं झाड कुठं उभं होतं, आणि त्या जागी आता काय आहे. तो रकाना भरलेला असेल, तर मी परत टाळ्या वाजवीन.

आपली,
सांगलीची एक प्लायवूडवाली